बोलोन्यातले लाटणे

इटलीतल्या बोलोन्यात दुपारी तीन वाजता जेवायला निघणे हा निव्वळ अडाणीपणा होता, हे त्रात्तोरियाच्या दारात उभे राहिल्यावर कळले. घरच्याच माणसांनी चालवलेल्या अशा खानावळींची दुपारची चूल साधारण अडीचला विझते आणि रात्रीची साडेसातच्या आधी पेटत नाही. मालकांच्या मुलाने नम्रपणे, पण ठामपणे रात्रीसाठी आमचे नाव लिहून घेतले. मी हिरमुसलो होतो. आईचे लक्ष मात्र आतल्या लांबरुंद लाकडी फळीकडे होते, कारण तिथे एक आजीबाई लाटत होत्या.

त्यांचे लाटणे दिसायला आपल्यासारखेच, पण जवळजवळ मीटरभर लांब होते. पास्त्याच्या या पिठात पाण्याचा थेंब नसतो. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे, एवढेच प्रमाण. पिवळसर पोळीची एक कड फळीवरून खाली सोडून ती पोटाने दाबून धरायची आणि उरलेली पोळी तळहातांनी पुढे ढकलत पसरवायची, अशी त्यांची पद्धत होती. पोळी फळीएवढी झाली तरी कुठे जाडसर राहिली नाही. "एवढी लाटायची आणि कड फाटू द्यायची नाही म्हणजे कमाल आहे," आई म्हणाली. पन्नास वर्षे पुरणपोळ्या लाटलेल्या बाईचे हे प्रमाणपत्र मी महत्त्वाचे मानतो.

साडेसातपर्यंतचा वेळ आम्ही कमानींखाली फिरून काढला. या शहरात अशा छताखालच्या वाटा मिळून सुमारे ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आसिनेल्ली मनोरा पाहिला तो केवळ उंचीसाठी नव्हे. १६ एप्रिल १९७२ रोजी इथल्या व्यापारी मंडळात ताल्यातेल्ले या लांब, चपट्या पट्ट्यांच्या पास्त्याची अधिकृत कृती नोंदवली गेली आणि शिजलेल्या पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर, म्हणजे या मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, असे ठरले. आपल्याकडे चकलीच्या काट्यांवरून वाद होतात, पण त्यांची नोंदणी करायला अजून कोणी गेलेले नाही.

रात्री मी अर्थातच ताल्यातेल्ले आणि रागू, म्हणजे खिम्याचा दाट रस्सा, मागवले. आपण ज्याला 'स्पॅगेटी बोलोनीज' म्हणतो, तो पदार्थ अस्सल बोलोन्याच्या ताटात शोधू नये. लाकडावर लाटल्यामुळे या पट्ट्यांना किंचित खरखरीतपणा येतो आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजलेले खिमा, कांदा, गाजर व सेलरी यांचे मिश्रण त्यांना धरून राहते. गुळगुळीत स्पॅगेटीवरून ते ओघळून जाते. टोमॅटो त्यात बेताचाच असतो.

आई अंडे खाते, मांस खात नाही. त्यामुळे तोर्तेल्लिनी हे सारण भरलेले छोटे, प्रसिद्ध पास्ते बाद झाले, कारण त्यांच्या सारणात डुकराचे मांस असते आणि रस्साही मांसाचाच. तिच्यासाठी रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले, लोणी आणि सेजच्या सुगंधी पानांत घोळवलेले तोर्तेल्लोनी, म्हणजे त्यांचेच मोठे भाऊ, आले. पार्मिज्यानो चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, हे मी तिला आधीच सांगितले. क्षणभर विचार करून तिने ते स्वीकारले. कडक शाकाहारी वाचकांनी मात्र विचारून घ्यावे. बिलात माणशी 'कोपेर्तो' लावलेला दिसला तर दचकू नये. टेबल आणि पाव यांचे ते शुल्क असते आणि मेन्यूवर आधीच छापलेले असते.

बिल देताना मुलाने इथली एक म्हण सांगितली: चांगल्या पोळीतून पलीकडची सान लुका टेकडी दिसली पाहिजे. मी ती मराठीत सांगताच आईने लगेच विचारले, "खरंच दिसते का?" मुलाने आत निरोप दिला. आजीबाई उरलेला एक तुकडा घेऊन बाहेर आल्या, तो त्यांनी दिव्यासमोर धरला आणि आईचा हात ओढून त्यामागे नेला. रात्रीची टेकडी दिसणे शक्यच नव्हते. आईच्या हिरव्या बांगड्या मात्र एकेक करून मोजता येत होत्या.