संग्रहाची प्रगती: दिवाळी अंक, कात्रणं आणि फाइली एकाच नोंदवहीत

मागच्या खेपेला माझ्या घरच्या संग्रहाची खोकी मोजून झाली होती आणि नोंदींचा संगणकावरचा तक्ता रिकामा होता. आता तक्ता बऱ्यापैकी भरलाय, खोक्यांवर नंबर पडलेत आणि मुख्य म्हणजे पद्धत ठरलीय. ज्यांच्या घरात दिवाळी अंक, कात्रणं, जुनी पत्रं आणि त्याच विषयांवरच्या पीडीएफ सगळं एकत्र नांदतंय, त्यांच्यासाठी जरा तपशिलात लिहितो.

पद्धत थोडक्यात अशी: वस्तू कुठे ठेवलीय आणि ती कशाबद्दल आहे, या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवायच्या. जागा खोक्याने ठरते, विषय तक्त्यात राहतो आणि दोघांना जोडायला एक चालू क्रमांक. वाचनालयात पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढतं, तसंच. ०४१२ हा साठच्या दशकातला एखादा अंक असेल, ०४१३ हे आत्याच्या पाककृतींच्या वहीतून सुटलेलं पान आणि ०४१४ हा मित्राने पाठवलेला लेख, ज्याचा कागद माझ्याकडे नाहीच. नंबरावरून काहीही कळत नाही, आणि कळायला नकोच आहे. अर्थ असलेला नंबर दिला की दर थोड्या दिवसांनी त्या अर्थाशी भांडण सुरू होतं.

खोक्यांचे नंबर वेगळे, ख-०१ पासून. तक्त्यात ‘जागा’ हा रकाना आहे, त्यात ख-०७ किंवा ‘फक्त फाइल’ एवढंच येतं. ख-०७ सध्या माळ्यावर आहे की पलंगाखाली, हे दुसऱ्या छोट्या यादीत. खोकं हललं तर तिथली एक ओळ बदलायची, आतल्या अंकांना हात लावायचा नाही. खोक्यात मांडणी उंचीप्रमाणे: लहान आकाराचे अंक एकत्र, मोठे वेगळे. मोठी ग्रंथालयंसुद्धा साठवणीच्या गोदामात पुस्तकं आकारवार लावतात, त्यात जागा वाचते. पिनांच्या अंकांना कण्यावर नाव नसतं, म्हणून ते उभे ठेवून शोधायचा प्रश्न तसाही येत नव्हता.

नंबर मऊ पेन्सिलीने, आतल्या पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात. स्टिकर नको, सेलोटेप तर मुळीच नको. पट्टी पुढे सुटून पडते आणि डिंकाचा पिवळा डाग तेवढा कागदात मुरतो.

“ड्युईचे आकडे का वापरत नाहीस?” हे बऱ्याच जणांनी विचारलं. वाचनालयात पुस्तकांना विषयवार आकडे द्यायची मेल्विल ड्युईची दशांश पद्धत १८७६ची. तिच्यात साहित्याला ८००चा पट्टा आहे. अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, जर्मनला ८३०, असं करत युरोपची वाटणी झाली की उरलेल्या जगाला ८९०. मराठी साहित्य त्यात ८९१.४६ला. म्हणजे माझा निम्म्याहून जास्त संग्रह दशांशचिन्हापलीकडच्या त्या एका फटीत. सार्वजनिक वाचनालयाचं त्यावर उत्तम चालतं, पण घरी त्या आकड्याने एक अंक दुसऱ्यापासून वेगळा निघत नाही.

उपयोगी पडले ते रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक, १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिकायला लंडनला गेले आणि तिथे एका दुकानात मेकॅनो या सुटे भाग जोडायच्या खेळण्याचा संच बघून त्यांना कल्पना सुचली, असं सांगतात. विषयाला आधीच तयार खण करून ठेवायचा नाही, सुटे भाग ठेवायचे आणि लागतील तसे जोडायचे. त्यांची पुस्तकांच्या वर्गीकरणाची कोलन पद्धत १९३३ची. मुख्य गोष्ट, तिचं द्रव्य, तिच्यावर होणारी क्रिया, स्थळ आणि काळ असे पाच पैलू. त्यांची चिन्हं मी घेतली नाहीत, घरच्या माणसांनी मला वेड्यात काढलं असतं. पैलू मात्र रकाने म्हणून घेतले: कोण, प्रकार, विषय, स्थळ, काळ. काळाचे दोन केले, छापल्याचा आणि मजकुरातला. गिरणी संपावरचा लेख नव्वदीतल्या अंकात आला असेल, पण मजकुरातला काळ १९८२ आणि स्थळ गिरणगाव. तक्त्याला गाळणी (फिल्टर) लावली की एक लेख, दोन कात्रणं, एक कथा आणि एक पीडीएफ असं सगळं वेगवेगळ्या खोक्यांतून आणि फोल्डरांतून एका ठिकाणी येतं. विषयवार खोकी करून हे कधीच जमलं नसतं, कारण कथा ‘कथा’मध्ये गेली असती आणि लेख ‘मुंबई’त.

यात नवीन काही नाही म्हणा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, रुमालांत (कापडी गठ्ठ्यांत) बांधलेलं आहे. अभ्यासक संदर्भ देतात तो रुमालाचा, आणि रुमाल म्हणजे जागा. आत काय आहे ते सूचीने सांगायचं. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, म्हणून काही कोणी रुमाल सोडून विषयवार बांधायला घेतले नाहीत.

आजोबांचे लिफाफे

या टप्प्यातलं सगळ्यात रेंगाळलेलं काम हेच. आजोबांनी कात्रणं सरकारी खाकी लिफाफ्यांत ठेवली होती, वर शाईने एकेक शब्द: ‘पाणी’, ‘किरकोळ’, ‘वाचावे’. ‘किरकोळ’ अर्थातच सगळ्यात जाड. मोह होता की सगळी बाहेर काढून माझ्या रकान्यांप्रमाणे लावावीत. पण ‘पाणी’ उघडल्यावर पानशेतच्या १९६१च्या पुराच्या कात्रणाला टाचलेलं कोयनेच्या १९६७च्या भूकंपाचं कात्रण निघालं. मी भूकंप कधीच पाण्यात घातला नसता. त्यांच्या दृष्टीने दोन्ही धरणाच्या गोष्टी, आणि टाचणी मारून त्यांनी ते सांगूनही ठेवलंय. अभिलेखागारांचा नियमच आहे की कागद ज्याचे, त्याने लावलेला क्रम मोडायचा नाही. तेव्हा लिफाफ्याला एक नंबर, आतल्या कात्रणांना पोटनंबर: ०२३१-०१, ०२३१-०२, आणि ‘टाचलेलं कशाला’ हे शेऱ्यात. भूकंप माझ्या तक्त्यात भूकंप म्हणून सापडतो, लिफाफ्यात पाण्यातच राहतो.

टाचण्या काढल्या, गंजून कागद खात होत्या. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून कात्रणांचं स्कॅनिंग अंकांच्या आधी उरकलं. लॅमिनेशन कोणी सुचवू नका. कसर लागू नये म्हणून खोक्यांत वेखंड ठेवलंय, आणि पावसाळ्यात खोकी भिंतीपासून वीतभर लांब.

नावांचा घोळ

तक्ता भरताना सगळ्यात जास्त वेळ ‘कोण’ने खाल्ला. मराठी लेखकांना एका नावावर भागत नाही. चिं. त्र. खानोलकर कवितेखाली आरती प्रभू. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, अत्रे आणि केशवकुमार, गडकरी आणि गोविंदाग्रज. माहेरच्या बाळूताई खरे सासरच्या मालतीबाई बेडेकर झाल्या आणि लिहिताना विभावरी शिरूरकर. आता नावांची एक वेगळी यादी आहे. तिच्यात प्रत्येक व्यक्तीचं एक ठरलेलं रूप, बाकीच्या रूपांपुढे ‘पहा’. अंकावर छापलेलं नाव तसंच्या तसं दुसऱ्या रकान्यात. पु. ल., पु.ल. आणि पुल हे संगणकाला तीन वेगळे गृहस्थ वाटतात, त्यामुळे आद्याक्षरानंतर बिंदू आणि मग एक जागा, हा नियम घरात कायद्यासारखा.

विषयशब्दांनाही तेच. ‘नाटक’ घेतलं, ‘रंगभूमी’पुढे ‘पहा: नाटक’. यादी मुद्दाम आखूड ठेवलीय. नवा शब्द घालायचा तर आधी कागदावर लिहून आठवडाभर थांबायचं, बहुतेक वेळा जुनाच पुरतो.

शीर्षकांचेही दोन रकाने आहेत. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या अंकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असतं. छापलंय तसं एका रकान्यात, आजच्या लेखनाप्रमाणे दुसऱ्यात. शोध दुसऱ्यात, उतारा पहिल्यातून.

आता जे डोळ्यांना दिसतच नाही ते. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधल्यावर मात्र एकच सापडतो. ‘ॲड.’मधल्या ॲचं तसंच: एक अख्खं अक्षर, दुसरा अ वर चंद्र. महिन्यातून एकदा सगळे रकाने शोध-बदल करून एका रूपात आणतो. क्रमवारीत ळ त्रास देतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, युनिकोडच्या, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या, तक्त्यात ल नंतर लगेच. नुसत्या त्या क्रमाने लावलं तर काळे काशीकरांच्या आधी येऊन बसतात. यावर एक लपवलेला रकाना केलाय, त्यात ळच्या जागी ह नंतर येईल असं चिन्ह आपोआप पडतं. क्ष मात्र क मध्ये जातो, तो जाऊ दिला.

अंकांबद्दल दोन शब्द

दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या ‘मनोरंजन’पासून, का. र. मित्रांची. माझ्याकडचं सगळंच त्याच्या फार नंतरचं आहे, तेव्हा उगाच छाती फुगवत नाही. नोंदीच्या दृष्टीने ‘किस्त्रीम’ मजेशीर निघाला. किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर या तीन मासिकांची आद्याक्षरं एका अंकावर. त्याला स्वतंत्र शीर्षक दिलं आणि तिन्हींच्या नोंदीत ‘हेही पहा’. ‘किर्लोस्कर’ स्वतः १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघालं, तिथेही दुवा.

‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकाच्या खिडक्यांनी स्कॅनरला जेरीस आणलं. वरचं पान कापलेलं, आतून दुसरंच चित्र डोकावणारं, आणि उघडल्यावर पहिल्या चित्राचा अर्थ पार फिरणारा. एकाच स्कॅनमध्ये विनोद मरतो. म्हणून प्रत्येक खिडकीचे दोन स्कॅन: फाइलीच्या नावाला ‘बंद’ आणि ‘उघडी’. बंद स्कॅन करताना झाकण सपाट बसायला वरून जाड काच ठेवतो, उघडं करताना मागे काळा कागद, नाहीतर पाठीमागचा मजकूर उमटतो. हे स्कॅन घरच्या वापरापुरतेच. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, त्यामुळे बहुतेक अंक मोकळे नाहीत. मागू नका.

फाइली

फाइलीच्या नावात फक्त दाखल क्रमांक, वर्ष आणि छोटं शीर्षक. आकडे इंग्रजी आणि पुढे शून्यं भरून, म्हणजे क्रम बिघडत नाही. शीर्षक आखूड ठेवण्यामागे कारण आहे. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची रीत) ३ बाइट खातं. काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत खेळ खलास. पूर्ण शीर्षक तक्त्यात असताना नावात कोंबायची गरजच काय.

फोल्डर विषयवार नाहीत. शंभर-शंभर नंबरांचे गठ्ठे, बस. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर आलेले जुने फोटो त्यांच्या नावातल्या तारखेवर लावू नका. ती तारीख फोटो आल्याची असते, काढल्याची नव्हे, आणि मूळ माहिती वाटेतच गळालेली असते. मी पाठवणाऱ्याला फोन करून विचारतो आणि उत्तर शेऱ्यात त्याच्या नावासकट टाकतो. “काकूंच्या मते १९७४ची दिवाळी, पण मागे गणपती दिसतोय” असलेही शेरे आहेत. दोघांपैकी कोणालाही खोडलं नाही.

वीजबिलं, सोसायटीच्या पावत्या, विम्याचे कागद यांना नंबर दिलेले नाहीत. त्यांना जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांची १९९३ची रीत: प्रत्येक कामाचा लिफाफा, सगळे एका रांगेत, वापरला की डाव्या टोकाला परत. न लागणारे आपोआप उजवीकडे सरकतात, तिथून वर्षाअखेरीस रद्दी. घरात सगळ्यांना जमलेली ही एकमेव पद्धत, आईसकट.

पुढचं काम बांधीव खंडांचं. एका मासिकाचे बारा अंक एकत्र शिवलेत आणि मधला एक अंक माझ्याकडे सुटाही आहे. खंडाला एक नंबर देऊन आतल्या अंकांना पोटनंबर द्यावेत, की प्रत्येक अंकाला स्वतंत्र नंबर आणि बाराहींच्या पुढे तीच जागा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण सुटा अंक आणि शिवलेला अंक तक्त्यात शेजारी दिसतील. पण मग पेन्सिल शिवणीत अडकलेल्या पानावर कुठे फिरवायची? कोणी केलं असेल तर फोटोसह कळवा.