टास्क मॅनेजर उघडला की पंखा गप्प

घरच्या कॉम्प्युटरवर दिवसा मी दोन-तीन दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब करते, संध्याकाळी तो मुलाच्या ताब्यात असतो. गणपती झाले आणि त्याचा पंखा मिक्सरसारखा वाजायला लागला. एक्सेलची साधी फाइल उघडायला मिनिट लागायचं. धूळ साचली असेल म्हणून कॅबिनेट उघडून ब्रशनं सगळं झाडलं, पण फरक पडला नाही.

मग एक गोष्ट ध्यानात आली. टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरवर काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला की पंखा शांत, सीपीयू चार-पाच टक्क्यांवर. बंद केला की अर्ध्या मिनिटात पुन्हा घरघर. आत जे काही होतं, ते माझ्यावर नजर ठेवून होतं. हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आधी प्रोसेस एक्सप्लोरर चालवून बघ." चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची बारीक माहिती दाखवणारं हे सिसइंटर्नल्स संचातलं एक अवजार. ही अवजारं मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ साली सुरू केली. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती विकत घेतली, तरी ती आजही मोफत मिळतात. इन्स्टॉलही करावी लागत नाहीत. फक्त मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या.

प्रोसेस एक्सप्लोरर उघडला तरी पंखा वाजतच राहिला. म्हणजे याची त्या चोराला चाहूल लागली नव्हती! यादीत एसव्हीसीहोस्ट नावाच्या पुष्कळ ओळी असतात, त्या विंडोजच्याच. पण खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये असते, आणि सीपीयू खाणारी ही ॲपडेटा फोल्डरमध्ये बसली होती. तिथूनच व्हायरसटोटलची तपासणी चालू केली; ही साइट पुष्कळ अँटिव्हायरसचं मत एकदम सांगते. त्यात फाइल जात नाही, फक्त तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा, जातो. समोर लाल आकडा आला: ४८/७१, म्हणजे ७१ पैकी ४८ अँटिव्हायरसनी तिला धोकादायक ठरवलं होतं. आमच्या विजेवर कोणीतरी क्रिप्टो नाणी पाडत होतं.

बंद केली तर दोन सेकंदांत परत हजर. जोडीला दुसरी प्रोसेस होती, ती हिला उठवायची. त्यावर भावानं सांगितलेली युक्ती सोन्यासारखी होती: आधी दोन्ही सस्पेंड करायच्या (गोठवून ठेवायच्या), मगच किल. नंतर ऑटोरन्समध्ये (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं याच संचातलं अवजार) मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या, तर शेड्यूल्ड टास्कमध्ये तिचं मूळ सापडलं. टिक काढली, फोल्डर उडवलं.

एवढं होत असताना विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर गप्प का होता? त्याच्या एक्सक्लूजनच्या, म्हणजे 'हे तपासू नको' अशा यादीत सबंध सी ड्राइव्ह घातला होता. हे मात्र प्रत्येकानं आजच उघडून बघावं. ती नोंद काढून ऑफलाइन स्कॅन केला, मग रात्री फुल स्कॅन. डाउनलोड्समध्ये एका गेमचा क्रॅक (पैसे न देता गेम चालवायची चोरटी फाइल) सापडला. मुलानं लगेच कबूल केलं, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'येस' दाबलं होतं. त्याला मी रागावले नाही. कमी अधिकारांचं स्टँडर्ड अकाउंट वेगळं करून दिलं, ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे.

बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले. बँकेचं काम अजून मोबाइलवरच करते. हिशेबांची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतली आहे. दिवाळीत विंडोज नव्यानं टाकणार, त्याशिवाय माझं समाधान होणार नाही.

तोवर ऑटोरन्सची यादी सेव्ह करून ठेवली आहे. दर रविवारी तिच्याशी ताडून बघते. परवा एक नवी ओळ हिरवी दिसली आणि छातीत धस्स झालं. ती नव्या प्रिंटरची निघाली.