स्टेक जमला तो लोण्याच्या आवाजाने

माझं माहेर वसईचं. आमच्याकडे बीफ लहानपणापासून खाल्लं जायचं, पण ते रश्शातलं नाहीतर सुकं, दोन-दोन तास मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजलेलं. तव्यावर दहा मिनिटांत होणारा, आत गुलाबी राहिलेला तुकडा घरात कुणी पाहिलाच नव्हता. मेलबर्नला आल्यावर मुलाने मित्राकडे स्टेक खाल्ला, आणि "आई, तू कधी करशील?" हे सुरू झालं. मी वीस वर्षं मांस शिजवतेय. मला वाटलं, यात काय एवढं.

पहिल्या खेपेला सुपरमार्केटमधून दीड सेंटिमीटर जाडीचे दोन काप आणले आणि सवयीने नळाखाली धुतले. मटण, कोंबडी, मासळी, आम्ही सगळंच धुऊन घेतो. मग तेल तापवून त्यात टाकले. चर्र झालं, पण दोन मिनिटांत पॅनमध्ये पाणी सुटलं आणि मांस त्या पाण्यात उकळायला लागलं. रंग आला तो राखाडी. वरून लोणी घातलं तर ते पाण्यावर तरंगत राहिलं. खाल्लं, पण चामड्यासारखं लागलं.

पुढचे काही दिवस मी याच्या मागेच लागले होते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि मांसाला खमंग तपकिरी रंग यायला साधारण १४० अंश लागतात. प्रथिनं आणि साखर एकमेकांशी जुळून हा रंग-वास तयार होतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला कांदा, खरपूस पाव, सगळीकडे हीच क्रिया. म्हणजे धुताना लागलेलं पाणीच माझ्या आड आलं होतं. शिवाय धुतल्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकभर पसरतात. ते तव्यावरच मरतात. तेव्हापासून स्टेकचं मांस धुणं बंद केलं.

दुसऱ्या खेपेला जाड तुकडा आणला, टिपून कोरडा केला, आणि आईने सामानात बांधून दिलेला बिडाचा तवा काढला. बीड उष्णता धरून ठेवतं, थंड मांस पडलं तरी पटकन गार होत नाही, इतपत विचार बरोबर होता. पण लोणी सुरुवातीलाच घातलं. लोण्यातला दुधाचा अंश दीडशे अंशांच्या पुढे जळायला लागतो, आणि माझा तवा त्याच्या कितीतरी वर तापलेला. मिनिटभरात काळं, कडू. त्यात भाकरीच्या तव्याला काठ तो केवढा! चमच्याने लोणी गोळा करून मांसावर ओतायला तवा कलता केला तर ते ओघळून बर्नरवर पडलं आणि ज्योत वर उसळली. धुराचा अलार्म वाजायला लागला. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि जरा वेळ नुसती उभी राहिले. हे मुद्दाम सांगतेय, कारण लोण्याने स्टेक भिजवायचा असेल तर उभ्या काठाचं पॅनच हवं. मी मग बिडाचंच, दोन इंच काठाचं घेतलं.

तिसऱ्या खेपेला वरचा रंग झकास आला, पण आत सगळा शिजून कोरडा झाला. अंदाजावर राहिले होते. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर घेतला.

चौथ्या खेपेसाठी क्वीन व्हिक्टोरिया मार्केटच्या मटण-मासळीच्या हॉलमध्ये गेले. रिबआय म्हणजे बरगडीजवळच्या मांसाचा काप. त्यात हाड नसेल तर इथे स्कॉच फिलेट म्हणतात. खाटकाला सांगितलं, चार सेंटिमीटर जाड, आणि आत चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा असलेला दे. जाडी एवढ्यासाठी, की बाहेरून खरपूस होईस्तोवर आतलं मांस जास्त शिजू नये. साधारण अर्धा किलोचा तुकडा मिळाला, दोघातिघांना पुरेल एवढा.

आदल्या रात्री दोन्ही बाजूंना मीठ लावलं आणि जाळीवर ठेवून, काहीही न झाकता, फ्रीजमध्ये ठेवला. मीठ आधी पाणी ओढून बाहेर आणतं, मग ते खारं पाणी हळूहळू परत आत जातं. रात्रभर ठेवायचं नसेल तर मीठ लावून पाऊण तास तरी थांबावं, नाहीतर पॅनमध्ये टाकतानाच लावावं. मधल्या पंधरा-वीस मिनिटांत मांस सगळ्यात ओलं असतं. सकाळी हात लावून पाहिलं तर वरचा भाग सुकलेला, जरासा चिकट लागत होता.

संध्याकाळी पॅन चांगलं तापवलं, चमचाभर साधं तेल घातलं, ते थरथरायला लागल्यावर तुकडा आपल्यापासून लांब होईल असा अलगद सोडला. दर मिनिटाला उलटायचा. एकदाच उलटावा, नाहीतर रस निघून जातो, असं मीही ऐकलं होतं. पण वरचा थर रस आत कोंडून ठेवत नाही, आणि वारंवार उलटल्याने दोन्ही बाजू सारख्या शिजतात. चरबीची कड चिमट्याने उभी धरून अर्धा मिनिट पॅनला टेकवली. सहा मिनिटांनी आतलं तापमान ४० अंशांच्या आसपास आलं.

आता लोणी. आच कमी केली, बिनमिठाच्या लोण्याचे पन्नासेक ग्रॅमचे तुकडे टाकले, सालासकट ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, थाइम या सुवासिक पाल्याच्या दोन काड्या. नेमका त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन खिडकीपाशी उभा केला आणि म्हटलं, "आई, लोणी जळेल गं परत."

ती म्हणाली, "तूप कढवताना घड्याळ बघतेस का? तडतड ऐक."

खरंच की! लोण्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते उडेपर्यंत तडतड मोठी आणि फेस पांढरा, ढोबळ बुडबुड्यांचा. मग आवाज उतरतो, फेस बारीक होतो, आणि तळाशी दुधाचा अंश बदामी व्हायला लागतो. घरी म्हशीच्या लोण्याचं तूप कढायचं तेव्हा हाच अंश तळाशी राहायचा. ती बेरी, साखर घालून खायला आम्हा भावंडांची भांडणं. फ्रेंच स्वयंपाकी या टप्प्याला हेझलनटचं लोणी म्हणतात. माझ्या नाकाला तो वास बेरीचाच.

आवाज उतरला तसा मी पॅन आपल्याकडे कलता केला. मांस पलीकडच्या काठाला सरकवलं, लोणी दांड्यापाशी जमलं. खोल चमच्याने ते फेसाळ लोणी भराभर मांसावर ओतत गेले, जिथे रंग फिका दिसला तिथे जास्त. फ्रेंचमध्ये याला जो शब्द आहे त्याचा अर्थच पाणी घालणं, शिंपणं. गरम लोणी वरून पडतं आणि खालून पॅन, म्हणून तुकडा दोन्हीकडून शिजतो. कडेच्या खाचाखोचा पॅनला कधी टेकत नाहीत, त्यांनाही रंग येतो. मध्येच एकदा उलटला. हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे, पण त्या दोन मिनिटांत दुसरीकडे बघायचं नाही. बेरी बदामीच्या पुढे जायला लागली की पॅन आचेवरून उचलायचं.

थर्मामीटर ५० वर आला तसा तुकडा जाळीवर काढला. आतली उष्णता अजून सरकत असते, आठ मिनिटांत तो ५४ वर गेला. तेवढं थांबलं की कापताना रसही कमी वाहतो.

मांसाच्या धाग्यांना आडवे काप केले. कडेला पातळ तपकिरी पट्टी, आणि मध्ये सगळीकडे एकसारखा गुलाबी. आई फोनमधून म्हणाली, "अगं, रक्त आहे ते." मी तिला सांगितलं, रक्त जनावर कापतानाच निघून जातं. हा लाल रंग मायोग्लोबिनचा, स्नायूत प्राणवायू साठवणाऱ्या प्रथिनाचा. आणि अखंड तुकड्यात जंतू असतात ते पृष्ठभागावर, तो तर आपण चांगलाच भाजला. खिम्याचं मात्र वेगळं. त्यात बाहेरचं सगळं आत मिसळतं, म्हणून खिमा पूर्णच शिजवायचा. तिला हे फारसं पटलेलं दिसलं नाही, आणि मी जोर केला नाही.

पॅनमध्ये लोणी उरलं होतं, तळाशी बेरी आणि मऊ झालेला लसूण. लसूण सालातून दाबून पावावर लावला, त्याच पावाने पॅन पुसलं. शेवटचा घास मुलाने माझ्या हातातून घेतला.