आम्ही ओरडलो ते आणि आम्ही खेळलो ते

शनिवार, रात्री साडेबारा

आज पुन्हा मुंबईत शिरलो. 'हिटमॅन २' या मारेकऱ्याच्या व्हिडिओ गेममधल्या मुंबईत. खिडकीबाहेर डोंबिवली, उशिराच्या लोकलचा आवाज, आणि पडद्यावर २०१८ साली कोपनहेगनमध्ये बसून डॅनिश लोकांनी उभी केलेली आपली मुंबई. धोबीघाटासारखी वाळत घातलेल्या कपड्यांची रांग, रेल्वेचं यार्ड, अर्धवट बांधलेला टॉवर, शूटिंगचा सेट. काही गोष्टी चुकल्या आहेत, पण गर्दी त्यांना जमली आहे. खांद्याला खांदा घासत पुढे सरकावं लागतं, आणि त्याच गर्दीत माणूस लपतो.

या मिशनमध्ये तिघांना संपवायचं असतं. दाऊद रंगन हा सिनेमाचा निर्माता, झोपडपट्टीवर राज्य करणारी वान्या शाह, आणि 'मेलस्ट्रॉम' म्हणून ओळखला जाणारा वझीर काळे. या काळेचा चेहरा सुरुवातीला कुणालाच माहीत नसतो. लोकांचं बोलणं ऐकत, खुणा जुळवत त्याला शोधावं लागतं. मागे एकदा खेळत असताना आई पाणी घेऊन आली आणि नाव ऐकून थांबली. "काळे? कुठले काळे?" मग ती बराच वेळ स्टुलावर बसून माझ्याबरोबर त्याला शोधत राहिली.

मुंबईत मला सगळ्यात आवडणारी वाट म्हणजे 'काश्मिरियन'. तोही भाड्याचा मारेकरी, त्याच लोकांच्या मागावर आलेला. आपण काही करायचंच नाही. लक्ष्यांना त्याच्या बंदुकीच्या टप्प्यात आणून उभं करायचं आणि निघून जायचं. आज तसंच केलं.

संध्याकाळी भावाचा पुण्याहून फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, "दादा, २०१२ मध्ये तू म्हणाला होतास ही सिरीज संपली म्हणून. आठवतंय?" आठवतंय. नुसतं म्हणालो नव्हतो, मिळेल तिथे रागाने लिहिलंही होतं.

रविवार

त्या रागाबद्दल आज नीट लिहितो.

पहिला 'हिटमॅन' २००० साली आला. मला तो २००३ च्या सुमारास सायबर कॅफेत भेटला, तोही दुसरा भाग, 'सायलेंट असॅसिन'. त्याचा नायक 'एजंट ४७', भाड्याचा मारेकरी: टकलू माणूस, मानेवर बारकोड, काळा सूट, लाल टाय. बाकीची मुलं बाजूच्या मशीनवर धडाधड गोळ्या झाडायची आणि मी एका वाड्याच्या भिंतीशी उभा राहून पहारेकरी किती वेळाने वळतो ते मोजायचो. त्या वयात मला मैदानावर कुणी टीममध्ये घ्यायचं नाही. इथे कुणाच्या लक्षात न येणं हीच कला होती. ते माझ्या मनात घर करून बसलं.

मग २००६ साली 'ब्लड मनी' आला. त्यातला पॅरिसच्या ऑपेरा हाऊसचा प्रसंग मी अजूनही कुणालाही तासभर सांगू शकतो. रंगमंचावर तालीम चालू आहे, गोळी घालून मृत्युदंड देण्याचा प्रवेश आहे, नटाच्या हातात नकली पिस्तूल आहे. आपण फक्त ते पिस्तूल बदलून खरं ठेवायचं. बाकी सगळं नाटक करतं. तो गायक पडतो तेव्हा क्षणभर कुणालाच कळत नाही की तो खरंच पडला. नाटकाच्या विंगेत वावरलेल्या माणसाला यातली भीती जास्त कळेल.

त्यानंतर सहा वर्षं काही नाही. सहा वर्षं आम्ही 'ब्लड मनी' पाठ करत होतो. आणि २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये 'अ‍ॅब्सोल्यूशन' आला.

वातावरण त्याआधीच बिघडलं होतं. मे महिन्यात आलेल्या ट्रेलरमध्ये नन्सच्या वेशातल्या, लॅटेक्स घातलेल्या बायका आणि त्यांची कत्तल होती. त्यावर जगभरातून टीका झाली आणि दिग्दर्शक तोरे ब्लिस्टाड यांनी माफी मागितली. त्याआधी आवाजाचा प्रश्न झाला. पहिल्या भागापासून ४७ ला आवाज देणारे डेव्हिड बेटसन या वेळी नसणार असं कळलं आणि चाहते पेटून उठले. बेटसन परत आले. मी त्या दिवशी मित्राला मिठी मारली होती, एवढं आठवतं.

तरीही गेम हातात आल्यावर मन मोडलं. मोठ्या मोकळ्या जागांऐवजी एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत नेणाऱ्या गल्ल्या. मनात येईल तिथे सेव्ह करायची सोय गेली, तिथे चेकपॉइंट आले, म्हणजे ठरलेल्या जागीच सेव्ह. आणि वेशांतर, जो या मालिकेचा प्राण, तेच पांगळं झालं. पोलिसाचा गणवेश घातला की दिसेल तो पोलीस आपल्यावर संशय घेणार. शिकागोसारख्या शहरात प्रत्येक पोलीस बाकी सगळ्यांना चेहऱ्याने ओळखतो का? मग ४७ ने हाताने तोंड झाकत, टोपी पुढे ओढत चालायचं, आणि तेही पडद्यावरची एक पट्टी भरलेली आहे तोवरच.

आता शांतपणे विचार केला तर त्यांना एक खरी अडचण सोडवायची होती. 'ब्लड मनी'मध्ये योग्य कपडे अंगावर चढवले की सुरे घेऊन फिरलं तरी जवळजवळ चालायचं. वेश फारच ताकदवान होता. त्यांनी रोग बरोबर ओळखला आणि औषध भलतंच दिलं. २०१२ मध्ये मला फक्त औषध दिसलं.

सोमवार, दुपारी, डबा खाताना

राग ऐकला गेला, हे मान्य करायला हवं. २०१४ च्या जानेवारीत आयओ इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने चाहत्यांना उघड पत्र लिहिलं. जागा मोठ्या आणि मोकळ्या असतील, ४७ चे जादूचे खिसे जातील (म्हणजे कोटातून अचानक लांब बंदूक निघणार नाही), आवाज बेटसन यांचाच. आमच्या सगळ्या तक्रारी जणू एकेक करून पुसल्या होत्या.

आणि २०१६ चा गेम, नुसताच 'हिटमॅन' नावाचा, नव्याने मोजायला घेतलेल्या तीन भागांतला पहिला, खरोखर सुंदर निघाला. वेशांतराचा गुंता त्यांनी इतका साधा सोडवला की तेव्हा लक्षातही आलं नाही. सगळ्यांनी संशय घ्यायचा नाही, ठरावीक माणसांनीच घ्यायचा. आचाऱ्याचा वेश घेतला तर मुख्य आचारी ओळखेल, कारण आपल्या स्वयंपाकघरात कोण काम करतं हे त्याला माहीत आहे. दारातल्या रखवालदाराला काय फरक पडतो? ओळखणाऱ्याच्या डोक्यावर छोटा पांढरा ठिपका दिसतो. जुन्या गेमचा मोकळेपणा आणि 'अ‍ॅब्सोल्यूशन'ची धास्ती, दोन्ही त्या एका ठिपक्यात आलं.

त्याच वर्षी आम्ही पुन्हा ओरडलो. कारण तो गेम तुकड्यांत आला. ११ मार्चला पॅरिस, २६ एप्रिलला इटलीतलं सापिएन्झा, ३१ मेला मराकेश, पुढे बँकॉक, कोलोराडो, आणि ऑक्टोबरच्या शेवटी होक्काइदो. हप्त्याहप्त्याने गेम विकता का, असं आम्ही सगळेच विचारत होतो. पण ते पाच आठवडे सापिएन्झाशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून मला ते गाव गल्ली-गल्लीने पाठ झालं. चर्चखालची वाट, समुद्राकडचा जिना, कोण किती वाजता कुठे कॉफी पितो, सगळं. आजोळच्या गावाशिवाय दुसरं कुठलं गाव मला इतकं माहीत नाही. २०१८ चा भाग, म्हणजे 'हिटमॅन २', आमच्या म्हणण्याप्रमाणे सगळा एकत्र आला. मी सहा ठिकाणं पंधरा दिवसांत खाऊन टाकली. सांता फोर्तुनामधल्या बाजाराचा नकाशा मला आजही सांगता येणार नाही. आम्ही मागितलं ते मिळालं, आणि जे न मागता मिळालं होतं ते गेलं.

मंगळवार

ब्रीफकेसची गोष्ट लिहायची राहिली.

जुन्या गेममध्ये ४७ च्या हातात सूटकेस असायची, आत बंदूक. २०१६ च्या भागात ती नव्हती. लोकांनी सतत मागितली आणि २०१८ मध्ये ती परत आली. इथवर सरळ आहे. पण या गेममध्ये फेकलेली वस्तू नेम धरलेल्या माणसाच्या डोक्यालाच जाऊन लागते, तो हलला तरी. आणि ब्रीफकेस हवेत फार सावकाश जायची. दोन्ही एकत्र आल्यावर असं झालं की पळणाऱ्या माणसामागे एक ब्रीफकेस संथपणे, वळणं घेत, कोपरे ओलांडत उडत जायची. बग होता. स्टुडिओने तो पॅचमध्ये दुरुस्त केला.

लोकांना वाईट वाटलं. मला तर आपलं काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. आणि मग २०१९ मध्ये त्यांनी ती चूक एक वेगळी वस्तू म्हणून मुद्दाम परत दिली, 'एक्झिक्युटिव्ह ब्रीफकेस एमके टू'. नेहमीची ब्रीफकेस नीट उडते, ही माणसाचा पाठलाग करते. ज्याला गंभीर खेळायचं आहे त्याचं काही बिघडलं नाही. ही कुणाची लेखी मागणी नव्हती. आपण खेळताना कुठे हसतो, हे कुणीतरी तिकडे बसून पाहिलं होतं.

हे लिहिताना 'अ‍ॅब्सोल्यूशन'मधलंच आठवलं. त्यात 'कॉन्ट्रॅक्ट्स' नावाचा प्रकार होता. कुठल्याही जागेत जायचं, कुठल्याही माणसाला लक्ष्य ठरवायचं, आपण त्याला कसं मारलं ते करून दाखवायचं आणि जगाला आव्हान द्यायचं: माझ्यासारखं करून दाखवा. चाहते आधीपासून एकमेकांना असली आव्हानं देतच होते. अंगावरचा सूट बदलायचा नाही, कुणालाही दिसायचं नाही, फक्त लक्ष्यच मरायला हवं. स्टुडिओने त्याला घर बांधून दिलं. ज्या गेमला मी शिव्या घातल्या त्याच गेममध्ये. २०१६ पासून पुढचं सगळं, एकच जागा पन्नास तऱ्हांनी खेळणं, मला तिथून निघालेलं वाटतं. २०१४ च्या पत्रात आमच्या तक्रारी होत्या, पण गेमचा कणा आमच्या खेळण्यातून आला होता.

भावाला हे कळवलं. त्याचं उत्तर आलं, "मग तू चुकलास का तेव्हा?" अजून उत्तर दिलेलं नाही.

गुरुवार

चाहत्यांनी न पाहिलेल्या एका गोष्टीबद्दलही लिहायला हवं.

'सायलेंट असॅसिन'मध्ये भारतातलं एक मंदिर होतं, आणि तिथे पगडीधारी शीख माणसांना मारावं लागायचं. जागेचं अमृतसरच्या हरमंदिर साहिबशी साम्य होतं, जिथे १९८४ मध्ये रक्त सांडलं होतं. शीख समाजाने आक्षेप घेतला आणि पुढे तो मजकूर काढून बदललेली आवृत्ती आली. मी ते कॅफेत खेळलो तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. आमच्या कॅफेत कुणाच्याच आलं नाही. पुढे वाचलं तेव्हा मान खाली गेली. गेमवर सगळ्यात जास्त प्रेम करणारे आम्ही, आणि आम्हालाच दिसलं नाही. ज्यांचं श्रद्धास्थान होतं त्यांना दिसलं. ते बदललं हे योग्यच झालं, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

पैशांवरून झालेली भांडणं वेगळी. ती मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांत मला गेम दिसत नाही. २०२१ मध्ये नव्या मोजणीतला तिसरा भाग पीसीवर आधी फक्त एपिकच्या ऑनलाइन दुकानात आला. स्टीम या दुसऱ्या दुकानातून 'हिटमॅन २' घेतलेल्यांना आपली जुनी ठिकाणं तिकडे नेता येईनात. स्टुडिओने माफी मागितली. त्याच वर्षी गॉग या आणखी एका दुकानात २०१६ चा गेम आला. त्या दुकानाची ख्यातीच कुलूप नसलेल्या, म्हणजे इंटरनेटशिवायही चालणाऱ्या गेमसाठी, आणि इथे इंटरनेटशिवाय बक्षिसं उघडेनात. लोक चिडले आणि काही आठवड्यांत तो तिथून काढला गेला. २०२२ च्या जानेवारीत स्टीमवर पुन्हा तेच झालं, या वेळी किमतींवरून, आणि त्यांनी घेणाऱ्यांना तिन्ही भागांचा संच फुकट वाढवून दिला. शेवटी २०२३ मध्ये सगळं 'वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन' या एकाच नावाखाली आणलं. हा राग रास्त होता.

पण हेही विसरता येत नाही की २०१७ मध्ये मालक कंपनी स्क्वेअर एनिक्सने हात काढून घेतला तेव्हा हा स्टुडिओ बुडायच्या बेतात होता. माणसं कमी करावी लागली. जूनमध्ये ते स्वतंत्र झाले, 'हिटमॅन'चे हक्क स्वतःकडे ठेवले, आणि पहिलं काम काय केलं तर गेमची सुरुवात सगळ्यांसाठी फुकट खुली केली. त्या वेळी मी रोज बातम्या पाहायचो, घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तशा.

शनिवार, पहाट

झोप आली नाही. भावाला उत्तर द्यायच्या आधी 'अ‍ॅब्सोल्यूशन' पुन्हा उतरवून घेतला. दहा वर्षांनी तरी उघडला असेन.

'किंग ऑफ चायनाटाउन' खेळलो. गजबजलेला चौक, मधोमध फिरणारं एकच लक्ष्य, आणि कुठूनही त्याच्यापर्यंत पोहोचायला वाटा. इथे गल्ल्या नाहीत. हा चौक उचलून २०१६ च्या गेममध्ये ठेवला तर कुणाला खटकणार नाही. ४७ चं चालणं, भिंतीला टेकणं, एका आडोशावरून दुसऱ्याकडे सरकणं किती सफाईचं आहे, तेही आज दिसलं. 'ब्लड मनी'मध्ये तो लाकडी बाहुल्यासारखा वळायचा आणि मी त्यावर कधी एक शब्द बोललो नव्हतो. पुढची पायरी मात्र आजही आवडली नाही. पुन्हा गल्ल्या, पुन्हा तोंड झाकून चालणं. दोन वाजता बंद केला.

मग मुंबईत जाऊन एक कॉन्ट्रॅक्ट बनवलं. यार्डाजवळचा एक पहारेकरी, सूट न बदलता, कुणालाही न दिसता, आणि शस्त्र फक्त ब्रीफकेस. तीन तासांत अकराव्या प्रयत्नाला जमलं. भावाला त्या कॉन्ट्रॅक्टचा क्रमांक पाठवला आणि खाली लिहिलं, "राग बरोबर होता, सिरीज संपली हे चूक होतं."

पाच वाजून गेलेत. पहिल्या लोकल सुरू झाल्या. आत्ताच त्याचा मेसेज आला. जागाच होता वाटतं. पहिल्या चार प्रयत्नांत पकडला गेलाय, आणि विचारतोय की दादा, ती कपडे वाळत घातलेली गल्ली नेमकी कुठून आत जाते.