हिलिंग कमी झालं, तरी मी त्या अपडेटच्या बाजूनं उभी राहिले

ओव्हरवॉच २ या ऑनलाइन शूटिंग गेमचा नववा सीझन, म्हणजे नवं मोठं अपडेट, १३ फेब्रुवारी २०२४ ला आला. आपल्याकडे तो उतरला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी अंबडला ऑफिसात पोचून फोन बघितला, तर आमचा नाशिकचा ग्रुप पेटलेला. सगळ्यांचा सूर एकच: गेमची वाट लावली.

मी सपोर्ट खेळते, साथीदारांची हेल्थ भरून काढणारी (हिलिंगची) भूमिका; बहुतेक वेळा ॲना हे पात्र. म्हणजे या अपडेटनं ज्यांचं सर्वांत जास्त नुकसान केलं असं म्हटलं जात होतं, त्यांच्यातलीच. तरी मला ते पटलं, आणि स्पर्धा तोंडावर आलेली असताना ग्रुपलाही पटवायचं काम मी अंगावर घेतलं. ते कसं पार पडलं ते सविस्तर लिहिते. कारण दर सीझनला असा वाद होतो, आणि पॅच नोट्स (अपडेटमधल्या बदलांची यादी) वाचून आरडाओरडा करणारे शंभर असले तरी आकडे मांडून बघणारे दोन-तीनच निघतात.

गेम न खेळणाऱ्यांना एवढं कळलं तरी पुरे: पाच विरुद्ध पाच. प्रत्येक टीममध्ये पुढं राहून मार झेलणारा एक टँक, मारणारे दोन डॅमेज, दोन सपोर्ट. ऑक्टोबर २०२२ च्या आधी सहा-सहा जण असायचे आणि टँक दोन असायचे. तो दुसरा टँक गेल्यापासून सपोर्टवर ताण वाढलेला होताच. नवव्या सीझननं एकदम चार गोष्टी हलवल्या. बहुतेक हिरोंची (खेळाडू निवडतो त्या पात्रांची) हेल्थ २०० होती, ती २५० झाली. गोळ्या, बाण, रॉकेट सगळ्यांचा आकार वाढला, म्हणजे नेम किंचित हुकला तरी लागतं. लढाईतून बाहेर पडून ५ सेकंद काढले की कुणाचीही हेल्थ सेकंदाला २० नं आपोआप भरायला लागायची, आणि सपोर्टला त्यासाठी निम्मंच थांबावं लागायचं. चौथी गोष्ट सगळ्यांत झोंबणारी. डॅमेजवाल्याची गोळी लागली की पुढचे २ सेकंद त्या माणसाला मिळणारं हिलिंग २० टक्क्यांनी कमी व्हायचं.

भरीला सगळ्यांच्या रँक पुसल्या गेल्या. १० प्लेसमेंट मॅच नव्यानं खेळायच्या, आणि ग्रँडमास्टरच्या वर चॅम्पियन नावाची आणखी एक पायरी. ज्यांनी वर्षभर घासून डायमंड रँक गाठली होती, त्यांना त्याखालचा प्लॅटिनम दिसला की राग येणारच. माझ्या मते निम्मा संताप या रँकचा होता. तो गोळ्यांच्या आकारावर निघाला.

गेम डायरेक्टर ॲरन केलर यांनी जानेवारीतच लिहिलं होतं की आपोआप हेल्थ भरण्याची सोय सपोर्टपुरती न ठेवता टँक आणि डॅमेजलाही थोड्या सौम्य रूपात देणार. त्यावर इतकी ओरड झाली की मोठ्या फेरबदलाचा हा एक भाग आहे, सुटा बघू नका, असं त्यांना नंतर सांगावं लागलं. पण सुटं बघायचं नाही हे फार कमी लोकांनी मनावर घेतलं. आमच्या ग्रुपनं तर नाहीच.

स्पर्धा होती कॉलेज रोडवरच्या एका गेमिंग कॅफेत. त्या वर्षी शिवजयंती सोमवारी आली होती, आणि त्याच्या पुढच्या शनिवार-रविवारी आमच्या मॅच ठरलेल्या. खेळणारी बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं, सिडको आणि पंचवटीकडची, आणि आमच्यासारखे नोकरी करणारे थोडे. ग्रुपवर प्रस्ताव आला की कस्टम लॉबीत (स्वतःचे नियम लावता येतात अशा खाजगी मॅचमध्ये) जुने आकडे लावू आणि जुन्या नियमांवर स्पर्धा घेऊ. धडाधड अंगठे पडले. मी लिहिलं, "मला हे मान्य नाही, आधी खेळून बघू." त्यावर आमच्यातली मर्सी (आणखी एक सपोर्ट हिरो) खेळणारी, पंचवटीतली कॉलेजची मुलगी म्हणाली, "ताई, तुझंच हिलिंग कापलंय आणि तूच त्यांची बाजू घेतेस?"

कॅफेवाल्या दादांनी हात वर केले. तुमचं तुम्ही ठरवा, फक्त या रविवारी संध्याकाळपर्यंत नियम कळवा, मला प्रिंट काढायच्यात.

मग मी बसले. पहिली अडचण अशी की गेममधले जुने रिप्ले आता बघताच येत नव्हते. नवा पॅच आला की आधीचे रिप्ले कोड बाद होतात. पण माझे खेळ मी ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डरवर रेकॉर्ड करून ठेवते, चुका बघायला. किंग्ज रो या मॅपवरच्या जानेवारीतल्या मॅच काढल्या, त्याच मॅपवर नवे खेळ खेळले, आणि दोन्ही शेजारी लावून बघितले. ज्याला कुठल्याही अपडेटची बाजू मांडायची असेल किंवा विरोध करायचा असेल, त्यानं ही सवय लावून घ्यावीच.

आधी विरोधकांचा मुद्दा मी स्वतःच मांडून बघितला. ॲनाच्या बंदुकीचा एक डार्ट आपल्या माणसाला लागला की तेव्हा ७५ हेल्थ मिळायची. २०० हेल्थच्या माणसाला हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आधार. तोच माणूस २५० चा झाला, आणि गोळ्या खात असल्यामुळे हिलिंग २० टक्के कमी झालं, की त्या डार्टचे होतात ६०. म्हणजे पावापेक्षाही थोडं कमी. कागदावर हे वाईटच दिसतं, आणि मर्सीवाली जे म्हणत होती त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण रेकॉर्डिंगमध्ये माझी नजर दुसऱ्याच गोष्टीवर गेली. जानेवारीतल्या मॅचमध्ये माझा क्रॉसहेअर (नेमाची खूण) सतत आपल्याच माणसांच्या पाठीवर होता. लढाई संपली, समोरचे मेले, तरी मी कोपऱ्यात उभी राहून एकेकाला भरतेय. आमचा गेंजी (एक डॅमेज हिरो) उगाच जखमी होऊन परत येतोय, त्याला भरतेय, तो पुन्हा जातोय. शत्रूकडे बघायला मला फुरसतच नाही. नव्या मॅचमध्ये तोच गेंजी मार खाऊन भिंतीआड गेला, ५ सेकंद थांबला, आणि त्यापुढच्या ५ सेकंदांत त्याची १०० हेल्थ आपली आपण भरली. त्या वेळात माझा ग्रेनेड हातात शिल्लक राहिला, आणि तो मी समोरच्या टीमवर टाकला. ॲनाचा ग्रेनेड शत्रूचं हिलिंग पूर्ण बंद करतो. त्या एका ग्रेनेडनं आम्ही पहिला पॉइंट (ताब्यात घ्यायची जागा) घेतला.

दुसरा प्रसंग मी ग्रुपला मुद्दाम क्लिप कापून पाठवला. किंग्ज रोवरच्या पुतळ्याजवळच्या अरुंद जागेत दोन्ही टीम अडकलेल्या, मी मागं एकटी, आणि समोरच्यांची ट्रेसर (चपळ डॅमेज हिरो) माझ्या पाठीशी आली. जुन्या क्लिपमध्ये तिनं पाठीतच एक मॅगझीन रिकामं केलं, मी वळेपर्यंत अंगात थोडीशी हेल्थ उरली होती, आणि लगेच मेले. शत्रूला झोपवणाऱ्या स्लीप डार्टला वेळच नाही. नव्या क्लिपमध्ये तिच्या गोळ्या जास्त लागल्यात, कारण त्या जाड झाल्यात. तरी त्या वाढीव ५० हेल्थनं मला तिच्याकडे वळायला तेवढा अवकाश दिला, डार्ट लागला आणि ती झोपली. सपोर्टला या अपडेटनं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी ही क्लिप दाखवते. दुसऱ्याला वाचवण्याची ताकद कमी झाली, पण स्वतः जगण्याची वाढली. मला हा सौदा मान्य आहे.

आणि जाड गोळ्यांबद्दल: आपण नाशिकमधून सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळतो. आमचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कोरियात बसलेल्या पोराएवढा कमी कधीच नसणार. नेमावर मेहनत घेतलेल्यांना वाटतं की आता कुणीही ऐरागैरा मारतोय. मला वाटतं, ज्या गोळ्या आपल्या स्क्रीनवर लागल्यासारख्या दिसायच्या आणि लागायच्या नाहीत, त्यातल्या काही आता लागतात. मेहनत तिथं वाया जात होती, ती आता जात नाही.

शुक्रवारी रात्री सगळ्यांना कस्टम लॉबीत बोलावलं. म्हटलं, जुना गेम पाहिजे ना, मग तो इथं बांधून दाखवा. खरी परीक्षा तिथं झाली. हेल्थ खाली आणायचं सेटिंग आहे, टक्क्यांत. २५० वाल्यांना ८० टक्के लावले की २०० होतात. पण ट्रेसर १५० ची १७५ झाली होती, तिला ८० टक्के लावले तर १४०, म्हणजे जुन्यापेक्षा कमी. म्हणजे प्रत्येक हिरो वेगळा बसवायचा. टँकचे आकडे त्याहून निराळे. एवढं करून बसलो तरी गोळीचा आकार मागं नेण्याचं सेटिंग आम्हाला सापडलं नाही. म्हणजे हातात आला तो जुना गेम नव्हताच. जुनी २०० हेल्थ आणि नवी जाड गोळी असं भलतंच मिश्रण होतं ते.

खेळलो, आणि माणसं माशांसारखी मरायला लागली. सगळ्यांत मोठा फायदा हान्झो या धनुष्यबाणवाल्या डॅमेज हिरोला झाला. त्यानं पूर्ण ताणलेला बाण डोक्यात लागला की तेव्हा २४० डॅमेज व्हायचा. नव्या नियमात २५० वाला त्या एका बाणातून वाचायचा. आमच्या लॉबीत २०० वाला वाचत नव्हता, वर बाण पूर्वीपेक्षा जाड. आमचा हान्झो खेळणारा खूश होता, बाकीचे नऊ जण नाही. त्या रात्रीनंतर जुन्या नियमांचा आग्रह बराच उतरला.

पण निर्णय झाला रविवारी सकाळी, गंगापूर रोडला मिसळ खाताना. नाशिकमध्ये महत्त्वाचं बोलणं असंच होतं. पाव संपले, तर्री पुन्हा मागवली, आणि आमचा टँकवाला, जो एवढा वेळ गप्प होता, तो बोलला. "ताई, तुमचं सगळं बरोबर. पण मी तर कायम गोळ्यांसमोरच उभा असतो. माझ्यावरचे ते २० टक्के कधी उतरतच नाहीत."

यावर मी वाद घातला नाही, कारण तो अगदी खरं बोलत होता. डॅमेजवाला दोन सेकंद आडोशाला जाऊ शकतो, टँक गेला तर पॉइंटच जातो. एकुलत्या एक टँकला हा नियम इतरांइतकाच लावणं ही या अपडेटमधली खरी उणीव होती, आणि ते मी सगळ्यांसमोर म्हटलं. मात्र त्यावर उपाय म्हणून सगळा गेम उलटा फिरवायचा नाही, हेही म्हटलं. त्याला विचारलं, तुझ्या पाठीमागे दोघं सपोर्ट आहेत, आम्ही तुला आधी काय द्यायचो आणि आता काय देतो ते बघू. बोलता बोलता निघालं की मी माझा ग्रेनेड त्याच्यासाठी राखून ठेवायला हवा, कारण आपल्या माणसाला त्यात मिळणारं वाढीव हिलिंग ती २० टक्क्यांची तूट भरून काढतं. गेंजीला ग्रेनेड टाकायची गरज उरली नव्हतीच, त्याची सोय गेमनं केली होती. टँकवाल्याला हे पटलं, निदान चालवून बघण्याइतकं.

मर्सीवाली सहजासहजी ऐकणारी नव्हती. तिचं म्हणणं, साथीदारावर हिलिंगचा किरण धरून राहण्यातच तिचा खेळ आहे आणि तिथं ग्रेनेड नाही. तिला मी पटवू शकेन असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. तरी लॉबीतला हान्झो तिनंही बघितला होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा तिनं चालू नियमांच्या बाजूनं हात वर केला, आणि विरोधात दोनच राहिले.

दादांना मेसेज केला: स्पर्धा चालू आवृत्तीवर, सेटिंगमध्ये काहीही बदल नाही. त्यांनी लगेच प्रिंट काढून काचेवर लावली.

मॅच बऱ्याच लांब चालल्या. कोपऱ्यात उभं राहून एकमेकांना भरत बसण्याचे ते कंटाळवाणे पट्टे कमी झाले होते, आणि मागं उभे राहून बघणाऱ्या पोरांनाही कोण कशानं मेलं ते कळत होतं. आमची टीम उपांत्य फेरीत हरली, ज्यांच्या ट्रेसरनं आम्हाला हरवलं तिला मी दोनदा झोपवलं होतं. अंतिम फेरीत, दुसऱ्या टीमकडून खेळणाऱ्या मर्सीवाल्या मुलीनं दुसऱ्या राउंडला मर्सी सोडून ॲना घेतली. विचारलं तर म्हणाली, टँकला ग्रेनेड पाहिजे होता.

टँकच्या त्या २० टक्क्यांबद्दल मी आणि आमच्या टँकवाल्यानं मिळून इंग्रजीत एक अभिप्राय लिहून पाठवला, क्लिपसकट. पुढच्या काळात विकासकांनी टँकवरचा हा परिणाम खरंच कमी केला. तसं सांगणारे आमच्यासारखे हजारो असणार. बाकीचं अपडेट मात्र राहिलं पाहिजे असं मी तेव्हाही लिहिलं होतं, आणि आजही ग्रुपवर कुणी जुन्या गेमची आठवण काढली की मी तीच पुतळ्याजवळची क्लिप पुन्हा टाकते.