आरी, रापी आणि शब्दकोश

आठवीत हजेरीपट भरताना सरांनी एकेकाला उभं करून वडिलांचा व्यवसाय विचारला. मी म्हटलं, "दुकान." मागच्या बाकावरून आवाज आला, "फुटपाथवरचं!" वर्ग खदखदला. अण्णा बाजारात वडाखाली बसून चपला शिवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सर मराठीचे. तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. चारेक दिवसांनी शब्दकोश कसा बघायचा हे शिकवताना त्यांनी विल्यम कॅरी काढला. इंग्लंडातल्या नॉर्दम्प्टनशायरचा मोची. आरी चालवता चालवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला, दुकानाच्या भिंतीवर कागद चिकटवून जगाचा नकाशा केला. पुढे बाप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला. १७९२ मध्ये केटरिंगला मिशनरी सोसायटी निघाली ती त्याच्याच रेट्याने, आणि पुढच्या वर्षी हा स्वतः बंगालात. कंपनी सरकारला मिशनरी नकोसे, म्हणून १८०० मध्ये त्याने डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात बिऱ्हाड हलवलं. तिथे छापखाना, आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात साहेबांना बंगाली, संस्कृत, मराठी शिकवणं. १८०५ साली मराठीचं व्याकरण, १८१० साली वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी अक्षरांत! १८१२ मध्ये छापखाना जळाला, हस्तलिखितं गेली. पन्नाशीतला गडी पुन्हा कामाला बसला.

मग सरांनी एक किस्सा सांगितला. गव्हर्नर जनरलकडच्या मेजवानीत कुणी अधिकारी मुद्दाम म्हणाला, हा पूर्वी जोडे बनवायचा ना? कॅरी म्हणे उत्तरला, "बनवायचो कुठले, फाटलेले शिवायचो." हे सांगताना सरांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

पुढे मी स्वतः वाचलं तेव्हा डोरोथी भेटली, कॅरीची बायको. तिला यायचंच नव्हतं. बंगालात त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि तिचं मन कायमचं बिघडलं. शेजारच्या खोलीत ती आणि इकडे याची भाषांतरं. सरांनी हे आम्हाला का सांगितलं नाही, असं वाटून मी थोडा रागावलोही होतो.

कॅरीची गोष्ट सांगितली त्याच आठवड्यात सर चपलेचा तुटलेला अंगठा शिवायला अण्णांकडे आले. खोक्यावर बसले, खिशातून डायरी काढली. रापी, आरी, ऐरण हे त्यांना माहीत होतं. बाकीच्या एकेका वस्तूवर बोट ठेवून नाव विचारत लिहून घेऊ लागले. अण्णा गोंधळले. "कशाला लिहिताय, सर?"

"आमच्या कोशात नाहीत हे," सर म्हणाले. "सावकाश सांगा."