पेडल काढा, बटण बसवा: लहानग्यांसाठी बॅटरीची गाडी

हालचालीची अडचण असलेलं मूल चालणार की नाही हे कळेपर्यंत त्याला बॅटरीची गाडी नको, असं अनेक पालक म्हणतात. गाडीची सवय लागली तर चालायचा प्रयत्न सोडेल, ही भीती. तिला आधार नाही. दोन वर्षांच्या मुलाला हवं तिकडे स्वतः जाता आलंच पाहिजे. कायम कडेवर राहून ते मिळत नाही. अमेरिकेत, तेव्हा डेलावेअर विद्यापीठात असलेल्या कोल गॅलोवे यांच्या ‘गो बेबी गो’ या उपक्रमाने खेळण्यातल्याच बॅटरीच्या गाडीत अशा मुलांसाठी बदल करून घ्यायची वाट दाखवली. पुण्यात त्यासाठीचं सामान तापकीर गल्लीच्या आसपास मिळतं.

पायाखालचा पेडल स्विच काढून त्या जागी स्टिअरिंगवर मोठं पुश बटण येतं. दाबून धरलंय तोवरच चालणारं बटण घ्या, एकदा दाबलं की चालूच राहणारं नको. बिनरिमोटच्या साध्या गाडीत मोटारचा सगळा करंट पेडलमधून जातो. नुसतं बटण जोडलं, तर त्यातल्या मायक्रोस्विचचे पॉइंट जळून चिकटतात आणि मुलाने हात काढला तरी गाडी थांबत नाही. सगळ्यात धोकादायक चूक हीच. म्हणून मध्ये कारचा ३० अँपिअरचा रिले हवा, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याची कॉइल (रिले चालू करणारं वेटोळं) गाडीच्या बॅटरीइतक्याच व्होल्टची, ६ किंवा १२. पेडलच्या दोन वायर रिलेच्या ३० आणि ८७ नंबरला. ८५-८६ ची कॉइल बटणामार्फत थेट बॅटरीला. रिमोटच्या गाडीत बहुधा पेडल फक्त सर्किट बोर्डला सिग्नल देतं, तिथे रिले लागत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर फ्यूज, आणि मोठ्यांच्या हाताला येईल असा बंद करायचा स्विच मागे, हे दोन्ही प्रत्येक गाडीत हवंच.

बटण हातापाशीच हवं असं नाही. कोपर, गुडघा, डोकं, जी हालचाल मुलाला हमखास जमते तिथे ते बसवा. फिजिओ किंवा ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) विचारून. त्याआधी बैठक. कंबर आणि गुडघे काटकोनात, पाय टेकलेले, पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या मुळाशी हवा. मूल घसरलं की बटण लांब जातं आणि ‘याला कळत नाही’ असा शिक्का बसतो.

सुरुवात झटक्याने झाली तर सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाचं अंग ताठ होतं, हात सुटतो. वेग कमीवर ठेवा. तरी झटका येत असेल तर सॉफ्ट स्टार्टचा, म्हणजे वेग हळूहळू वाढवणारा कंट्रोलर लावा.

सोसायटीचं रिकामं पार्किंग पुरतं, पण रॅम्पच्या उतारापासून लांब. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. स्टिअरिंग तुम्ही धरा, मुलाचा हात धरून बटण मात्र दाबू नका. दाबलं की गाडी हलते हे त्याला स्वतःलाच सापडू द्या, वेळ लागला तरी. पावसाळ्यात गाडी पडून राहणार असेल तर महिन्यातून एकदा चार्ज करा. रिकामी ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी कायमची जाते.